मिरवायचा तो नंदी : तान्हा पोळा भरवणाऱ्या मंडळांना आणि शाळांना खुले पत्र

प्रति,
नागपुरातील तान्हा पोळा उत्सव मंडळांचे पदाधिकारी, नंदी सजावट व वेशभूषा स्पर्धा भरवणाऱ्या शाळा आणि या स्पर्धांचे प्रायोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या तान्हा पोळ्याच्या बैठका आता सुरू होतील. स्पर्धेचे फॉर्म छापायला जाण्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावं म्हणून आत्ताच लिहिते आहे. मागणी थोडक्यात अशी : स्पर्धेत उतरलेल्या मुलांचे फोटो नाव, वय, शाळा आणि वस्तीसकट फेसबुक-इन्स्टाग्रामवर सगळ्या जगासाठी खुले करू नका. आणि 'ज्याच्या फोटोला जास्त लाईक त्याला बक्षीस' ही पद्धत बंद करा.

मी एका पाच वर्षांच्या मुलीची आई. लहानाची मोठी नागपुरातच झाले, त्यामुळे या सणाचं अप्रूप मला पुरेपूर आहे. पिठोरी अमावस्येला शेतकऱ्याच्या खऱ्या बैलांचा पोळा आणि दुसऱ्या दिवशी आमच्या पोट्ट्यांच्या लाकडी नंदींचा. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी तो मुलांसाठी सुरू केला असं आपल्याकडे सांगतात. त्या दिवशी महाल-इतवारीत काळी-पिवळी मारबत आणि बडगे या पुतळ्यांच्या मिरवणुकीला ही गर्दी लोटते, आणि संध्याकाळी वस्तीवस्तीतल्या मैदानांवर झूल घातलेले, बाशिंग बांधलेले, घुंगरं वाजवणारे नंदी दोरीने ओढत मुलं जमतात. कोणाचा नंदी तळहाताएवढा, कोणाचा मुलाच्या खांद्याला लागेल इतका उंच. मग घरोघरी फिरून बोजारा, म्हणजे मुलांना मिळणारा खाऊ नाहीतर पैसे, गोळा करायचा. वर्षभर मोठ्यांच्या सणांत लुडबुड करणाऱ्या मुलांना हा एक दिवस पूर्ण त्यांचा मिळतो. तो तसाच राहावा, टिकावा, म्हणूनच हे लिहिणं आहे. तो भरवण्यासाठी तुम्ही वर्गणी मागत फिरता, मांडव घालता, रात्री उशिरापर्यंत थांबून मैदान साफ करता, हे मी बघितलेलं आहे.

आता फॉर्मबद्दल. पूर्वी मैदानावर टेबल मांडून वहीत नाव लिहून घेत. आता गूगल फॉर्म येतो. त्यात मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळा, वर्ग, घरचा पत्ता, पालकांचा मोबाईल नंबर आणि 'नंदीसोबतचा मुलाचा स्पष्ट फोटो' हे सगळं सक्तीचं असतं. शेवटी एक ओळ असते : सहभागी झाल्यास छायाचित्रे प्रसिद्धीसाठी वापरण्यास पालकांची संमती आहे असे गृहीत धरले जाईल. म्हणजे मुलाला नंदी घेऊन मैदानात यायचं असेल, तर त्याचा चेहरा जगाला दाखवायला आधी हो म्हणा. मधला पर्यायच ठेवलेला नाही.

आमच्या घरी मुलगी जन्मल्यापासून एक नियम आहे. तिचा फोटो खुल्या पानावर जाणार नाही, डीपीला लागणार नाही, स्टेटसला जाणार नाही. आजी-आजोबा, आत्या, मामा यांचा एक छोटा ग्रुप आहे, फोटो तिथे जातात आणि तिथेच थांबतात. हा नियम पाळून घेताना रुसवेफुगवे झाले. 'एवढं काय, स्टेटस तर आपल्याच लोकांना दिसतं' असं सगळेच म्हणतात. पण आपल्या फोनमध्ये कोणाकोणाचे नंबर असतात ते एकदा बघावं : प्लॉट दाखवणारा एजंट, एकदाच बोलावलेला एसी दुरुस्तीवाला, सोडून गेलेला भाडेकरू, ज्याचं नाव का साठवलं तेही आठवत नाही असा कोणी. त्यांच्याकडेही आपला नंबर साठवलेला असला की त्या सगळ्यांना आपलं स्टेटस दिसतं. ही माणसं वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. पण ती आपल्या लेकराच्या बाळपणाची साक्षीदार व्हावीत असं आपण ठरवलेलं नसतं.

तर इतकी काळजी घेतलेल्या घरातल्या मुलीचा फोटो आमच्या भागातल्या एका मंडळाने आपल्या पानावर टाकला. मंडळाचं नाव लिहीत नाही, कारण ही पद्धत त्या एका मंडळाची नाही. फोटो छानच होता. हिरवं लुगडं, नाकात नथ, हातात नंदीची दोरी. खाली तिचं पूर्ण नाव, वय, वर्ग, शाळा, आमच्या ले-आउटचं नाव आणि 'लाईक करा, विजयी करा'. त्याखाली प्रतिक्रिया. कौतुकाने भरून येऊन एका नातेवाईक बाईंनी तिचं घरातलं लाडाचं नाव लिहिलं. दुसऱ्या कोणी विचारलं, पुढच्या महिन्यात वाढदिवस ना गं हिचा? तिसऱ्याने लिहिलं, रोज सकाळी चौकात व्हॅनची वाट बघत उभी दिसते, फार गोड आहे. एकाचाही हेतू वाईट नव्हता. पण वरून खालपर्यंत ती एक पोस्ट वाचणाऱ्या अनोळखी माणसाला मुलीचा चेहरा, नाव, हाक मारायचं नाव, शाळा, राहण्याची जागा, वाढदिवसाचा महिना आणि सकाळी ती कुठे उभी असते हे सगळं एका जागी मिळत होतं. पाच वर्षांच्या मुलाला आपण शिकवतो की अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही. जो माणूस लाडाच्या नावाने हाक मारतो आणि 'आईनेच पाठवलंय' म्हणतो, तो अनोळखी आहे हे त्या लेकराने ओळखायचं कसं?

ज्यांनी ज्यांनी लाईक केलं त्यांची यादी मी उघडून पाहिली. ओळखीचे बरेच होते. एक खातं मात्र कोणाच्याच ओळखीचं निघालं नाही. त्यावर स्वतःचा एकही फोटो नव्हता. ते ज्या पानांना फॉलो करत होतं ती यादी लहान मुलांच्या वेशभूषा स्पर्धा, बालवाड्या, बालनृत्याचे क्लास यांनीच भरलेली होती, आणि ही पानं वेगवेगळ्या राज्यांतली. तो माणूस कोण, त्याच्या मनात काय, हे मी सांगू शकत नाही. माझ्या मुलीचा फोटो त्याच्यापर्यंत जावा की जाऊ नये हे ठरवण्याचा अधिकार आमचा होता. तो अधिकार आम्हाला न विचारता वापरला गेला.

मंडळाला सांगितल्यावर त्यांनी पोस्ट काढली, हे नमूद करते. तोवर ती वस्तीच्या कितीतरी ग्रुपांवर फिरून आली होती. मंडळातले एक काका मला म्हणाले, "ताई, सगळेच तर टाकून राहिले. पोट्ट्यांचं कौतुकच करून राहिलो न आपण?" काकांच्या मनात खरोखर कौतुकच होतं. म्हणून हे भांडण म्हणून वाचू नका, काकांच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर म्हणून वाचा.

कौतुक म्हणून टाकलेला फोटो कौतुकाच्याच जागी राहतो, हे आता गृहीत धरता येत नाही. खुल्या पानावरचा फोटो कोणीही उतरवून घेऊ शकतो, स्क्रीनशॉट घेऊ शकतो. पोस्ट काढल्याने त्या प्रती परत येत नाहीत. आज साध्या फोनवर चालणारी एआयची साधनं अशी आहेत की एका स्पष्ट चेहऱ्यावरून त्या मुलाचं हवं ते खोटं चित्र तयार करता येतं. हवं ते म्हणजे काय, हे मोठ्या माणसांना उलगडून सांगायला नको. मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारी सामग्री पुढे पाठवली नसली तरी नुसती जवळ बाळगणं किंवा पाहणंही गुन्हा ठरू शकतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाला सप्टेंबर २०२४ मध्ये द्यावा लागला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७-ब आणि मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा याचसाठी आहेत. पण कायदा गुन्हा घडल्यावर येतो. त्या गुन्ह्याला लागणारा चेहरा तयार, स्पष्ट आणि नावासकट न पुरवणं हे तर आपल्या हातचं आहे ना?

फॉर्मच्या माहितीबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून ते जरा थांबून सांगते. गूगल फॉर्म भरला की सगळ्या मुलांची एक शीट तयार होते. ती बहुधा एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या वैयक्तिक खात्यात असते, 'लिंक असणाऱ्या कोणालाही दिसेल' अशी उघडी ठेवलेली, आणि ती लिंक स्वयंसेवकांच्या ग्रुपवर पडलेली. सण संपतो, शीट तिथेच राहते. तीत शेकडो मुलांची नावं, शाळा आणि त्यांच्या पालकांचे मोबाईल नंबर असतात. 'तुमच्या मुलाला अपघात झालाय, लगेच पैसे पाठवा' असे फोन करून लुबाडणाऱ्या टोळ्या देशभर आहेत. मुलाचं खरं नाव आणि खरी शाळा सांगणारा असा फोन आला, तर कुठल्या आईचा विश्वास बसणार नाही?

लाईकच्या स्पर्धेवर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. नंदी सजवला मुलाने आणि त्याच्या आजोबांनी, आठवडाभर रंग लावत बसून. त्याचा निकाल मात्र ज्याच्या बापाच्या फोनमध्ये जास्त नंबर आहेत त्याच्या बाजूने. लाईक मिळवायचे तर पोस्ट खुलीच हवी, लिंक शंभर ठिकाणी पाठवायलाच हवी. म्हणजे ही स्पर्धा पालकांकडून त्यांची सावधगिरी बक्षिसाच्या बदल्यात सोडवून घेते. ज्या आईबापांनी सांभाळून वागायचं ठरवलं, त्यांचं मूल आपोआप मागे पडतं. आणि पाच-सहा वर्षांची मुलं दिवसातून दहादा विचारतात, मला किती झाले? त्याला किती झाले? आपण सुंदर आहोत का, आपला नंदी चांगला आहे का, हे अनोळखी लोकांच्या अंगठ्यांवर ठरतं, हा धडा आपण आपल्याच सणात त्यांना देतो आहोत. प्रायोजकांनाही माझं हेच सांगणं आहे : तुमच्या दुकानाचं नाव पोचावं ही अपेक्षा रास्त आहे, पण ते लेकरांच्या चेहऱ्यांवर स्वार होऊन पोचायला नको.

सध्या मुलांनी सोशल मीडिया वापरावा की नाही यावर जगभर चर्चा चालू आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना खातं उघडायला बंदी केली. इन्स्टाग्राम, फेसबुक यांचं किमान वयही १३ आहे. पण तान्हा पोळ्याला येणारी मुलं काहीच वापरत नाहीत. त्यांना तिथे नेऊन बसवतो ते आपण, त्यांना स्वतःचं नाव लिहिता येण्याच्या आधी. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदा करून मुलाच्या छायाचित्राबाबतचा खासगीपणा जपणं ही आईवडिलांची संयुक्त जबाबदारी ठरवली, ती याच कारणासाठी.

आपल्याकडेही आधार आहे, आणि त्यात नागपूरचा वाटा आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्या पीठात आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते. त्याच निकालात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी मुलांचा मुद्दा वेगळा मांडला आहे : मुलं नकळत्या वयातच इंटरनेटवर कायमच्या खुणा सोडत आहेत, त्यांच्या खासगीपणाला विशेष संरक्षण लागेल. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. संमती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कामापुरती आणि कधीही मागे घेता येणारी असावी, असंही तो म्हणतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी दीड वर्षाच्या मुदतीनंतर लागू व्हायच्या आहेत. तेव्हा 'गृहीत धरले जाईल' ही फॉर्मवरची ओळ आजच काढून टाका. शाळांना या नियमांत काही सवलत आहे, पण ती शिक्षणाच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेच्या कामापुरती. प्रवेशाच्या जाहिरातीत मुलं दाखवण्यासाठी ती दिलेली नाही.

मग करायचं काय? फॉर्ममध्ये मुलाचं नाव, वयोगट आणि एक फोन नंबर एवढंच घ्या. स्पर्धेला जन्मतारीख कशाला लागते? फोटोची संमती वेगळ्या चौकटीत, वेगळ्या सहीने घ्या, आणि 'नाही' म्हणणाऱ्याचं मूल स्पर्धेत तितक्याच मानाने उतरेल हे तिथेच छापा. मैदानावर फोटोग्राफरला कळावं म्हणून मुलांवर कसलीही खूण करू नका. ज्यांच्या पालकांनी हो म्हटलं आहे त्यांच्या नंदीच्या शिंगाला एक रंगीत रिबीन बांधा. रिबीन नाही त्या मुलाचा फोटो नाही, इतकं साधं. परीक्षक मैदानावर असतातच, निकाल त्यांनीच द्यावा.

आणि पानावर टाकायला फोटो कमी पडणार नाहीत. नंदी आहेत ना! शिंगावरची नक्षी, झुलीवरचं भरतकाम, रांगेने उभे असलेले शंभर नंदी, दोरी धरलेले चिमुकले हात, मुलांच्या पाठमोऱ्या रांगा, मागे मांडव, प्रायोजकाचा फलक, पाहुणे. ते बघून कोणालाही नागपूरला यावंसं वाटेल. मुलांचे चेहरे असलेले फोटो त्या त्या आईवडिलांना पाठवा, त्यांना ते हवेच असतात आणि त्यांनी ते मागावेतच. गेल्या वर्षांचे अल्बम अजून पानांवर आहेत, तेही एकदा चाळा. त्यातली काही मुलं आज सातवी-आठवीत आहेत. कुंची घातलेला, रडत असलेला तो जुना फोटो आता वर्गमित्रांच्या हाती लागतो तेव्हा त्यांच्यावर काय गुदरतं, ते त्यांनाच विचारा. आणि बक्षिसं वाटून झाली की फॉर्मची शीटही नष्ट करा.

हे पत्र पालकही वाचतील, म्हणून त्यांच्याशीही बोलते. आपण घरगुती, वैयक्तिक कारणासाठी जे फोटो टाकतो त्यांना २०२३ चा तो कायदा लागू नाही. मंडळाला जाब विचारता येईल, पण आपल्याला विचारणारं कोणी नाही, तेव्हा आपणच ठरवायचं. आंघोळीचे, उघड्या अंगाचे, रडतानाचे, आजारपणातले फोटो कुठेही नकोत, घरच्या ग्रुपवरही नकोत. शाळेच्या पहिल्या दिवशी गणवेशात, मागे शाळेची पाटी असा फोटो जवळपास प्रत्येक घरात काढला जातो. तो घरातच ठेवा. फुटाळ्यावर किंवा अंबाझरीला गेलात तर तिथूनच ठिकाणासकट टाकू नका, घरी परतल्यावरही आपल्या माणसांना पाठवता येतो. मुलाच्या नावाने खातं चालवत असाल तर ते पालक चालवतात हे त्यावर लिहिणं इन्स्टाग्रामच्या नियमानेच बंधनकारक आहे. तरीही पहिलीतल्या मुलाला असं खातं हवंच कशाला, हा प्रश्न स्वतःला विचारा. आणि मुलाला विचारत जा. 'हा फोटो आजीला पाठवू?' असं मी मुलीला विचारते. कधीकधी ती नाही म्हणते. तेव्हा तो जात नाही.

कोणाच्या मुलाच्या फोटोचा गैरवापर झालाच, तर गप्प बसू नका आणि घाबरून पुरावाही पुसू नका. स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांच्या लैंगिक शोषणाच्या सामग्रीची तक्रार स्वतःचं नाव न देताही करता येते. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, तातडीच्या वेळी ११२. अठरा वर्षांखालच्यांच्या नग्न किंवा तशा बनवलेल्या चित्रांसाठी 'टेक इट डाऊन' ही मोफत सेवा आहे. तिच्यात फोटो पाठवावा लागत नाही. आपल्या फोनवरच त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून आपल्याकडच्या प्रती शोधून काढतात.

फॉर्मचा आणि संमतीच्या चौकटीचा एक नमुना मी तयार केला आहे. आमच्या वस्तीतल्या मंडळाच्या बैठकीला मी तो घेऊन येणार आहे, आणि ज्यांना हवा असेल त्या कोणत्याही मंडळाला किंवा शाळेला तो देईन, नाव-बोधचिन्ह तुमचं घालून वापरा. संमती नोंदवायला, रिबिनी बांधायला माणसं लागतील. आम्ही काही आया संध्याकाळी दोन तास टेबलावर बसायला तयार आहोत. यंदाच्या तुमच्या फॉर्मवर काय छापणार आहात, ते बैठकीत ठरवून छपाईआधी पालकांना कळवा, एवढी विनंती.

आपली,
पाच वर्षांच्या एका मुलीची आई
नागपूर